वेशीबाहेरचा भात

'प्रिय काशीराम' एवढे लिहून आत्माराम मास्तर थांबले. टाक दौतीत बुडवला, निथळला, पुन्हा बुडवला. मग कागद चुरगळून त्यांनी ओटीवरून अंगणात टाकला. कोंबडीने धावत येऊन त्याला चोच मारून पाहिली आणि मान वळवून ती निघून गेली.

"अंडं असतं तर एव्हाना पिल्लू बाहेर आलं असतं," त्यांच्या पत्नी सगुणाबाई आतून म्हणाल्या. "एक पत्र माणसानं किती उबवायचं?"

मास्तरांनी दुसरा कागद पुढे ओढला. काशीराम संगमेश्वरचा, त्यांचा शाळासोबती. त्याचे पत्र शिमग्याआधी आले होते, चांगले बंद पाकिटातून. रत्नागिरीच्या म्युनिसिपालिटीत तांदळावरची जकात कमी करण्याचा ठराव येतो आहे, असे त्याच्या कानावर गेले होते. ठराव आणणारे रावजीशेट तांदळाचे मोठे व्यापारी. त्यांनी वाचनालयाला काचेची दोन कपाटे दिली होती, आणि वाचनालय म्हणजे आत्माराम मास्तरांचा जीव. तेव्हा म्युनिसिपालिटीचे मेंबर असलेल्या मास्तरांचे मत त्याच कपाटात कुलूपबंद आहे, असे संगमेश्वरच्या बाजारातसुद्धा लोक बोलत होते. 'मी एकाशी भांडलो त्यावरून,' काशीरामने लिहिले होते. 'तरी हे खोटे आहे, अशी तुझ्या हातची एक ओळ येऊ दे.'

ती एक ओळच मास्तरांना लिहवत नव्हती. कपाटे आली त्या दिवशी आपण रावजीशेटांना जिन्याखालपर्यंत पोचवायला गेलो होतो, हे त्यांना आठवे. इतर कोणाला आपण जिन्याखालपर्यंत पोचवतो का? सभेत आजवर आपण तोंड उघडले नाही ते भिडस्तपणामुळे, की आणखी कशामुळे? आयुष्यभर पुस्तकांत मान घालून बसलेल्या माणसाला स्वतःच्या मनातले नीट वाचता येत नव्हते.

शेवटी त्यांनी एक सोपी वाट काढली. ठरावाच्या विरुद्ध मत द्यायचे. ते दिले की ओळ आपोआप लिहून होईल.

आणि विरोधाला कारण नव्हते असेही नाही. "मास्तर, गरिबाच्या ताटाचा प्रश्न आहे," असे रावजीशेट भेटतील तिथे म्हणत. तांदळाच्या व्यापाऱ्याला गरिबाच्या ताटाचा एवढा कळवळा कुठून आला? जकात निम्मी झाली तरी भाव तोच ठेवला, तर उरलेला निम्मा कोणाच्या गल्ल्यात पडणार? ठरावात शेवटी एक शेपूटही होते: डोक्यावरून आणलेल्या चार पायलीपर्यंतच्या तांदळाला जकात मुळीच असू नये. मास्तरांच्या मते ते नुसते तोंडी लावणे होते. कडू औषधाबरोबर गूळ देतात तसे.

पण संशयाला काही हाती लागायला हवे. म्हणून ते रोज सकाळी काखेत पुस्तक घेऊन वेशीवरच्या जकात नाक्यावर जाऊ लागले. तिथल्या कट्ट्यावर बसायचे, पुस्तक उघडायचे, आणि पुस्तकाआडून रावजीशेटांच्या गाड्यांवर नजर ठेवायची. गाड्या येत. नाक्यावरचा कारकून रघू पोत्यांत बांबी, म्हणजे लोखंडी नळी, खुपसून माल पाही, जकात घेई, पावती फाडी. सगळे सरळ. लबाडी दिसत नाही म्हणजे ती फारच खोल असली पाहिजे, असे मास्तरांना वाटू लागले.

त्या दिवशी गाड्या आल्या नव्हत्या. वेशीबाहेर काजूच्या झाडाखाली एक बाई तीन दगडांवर टोप ठेवून फुंकणीशिवाय नुसत्या तोंडाने जाळ फुंकत होती.

"ही कोण रे?" मास्तरांनी विचारले.

"चिमा. खेडशीपलीकडच्या वाडीतली." रघू हसला. "घोव तिचा इस्पितळात आहे. त्याला मऊ भात लागतो, ताजा. घरून शिजवून आणला तर उन्हात वाटेवरच आंबतो. इस्पितळाच्या मागं चूल मांडता येते, पण तांदूळ तिथवर न्यायचा तर माझ्या नाकासमोरून न्यायला हवा ना. कोऱ्या तांदळाला जकात आहे, शिजल्या भाताला नाही. बाईनं मुन्शीपाल्टीला वळसा घातलाय बघा."

मास्तरांना हसू आले नाही. नियमाला असा वळसा घालणाऱ्या माणसाला आणखीही वळसे येत असतील, एवढेच त्यांच्या मनात आले.

भात झाला. चिमाने निखारे विझवले, टोपावर केळीचे पान, पानावर झाकण ठेवले आणि चुंबळ करून टोप डोक्यावर घेतला. नाक्यापाशी आली तेव्हा एका हाताने तिने झाकण घट्ट दाबून धरले होते.

"आज जड दिसतोय गं," रघू म्हणाला.

"भातच हाय, दादा."

रघूने मास्तरांकडे पाहिले. समोर म्युनिसिपालिटीचा मेंबर बसलेला. "खाली कोरे तांदूळ नि वर भात, असंही करतात बायका. बघू का, मास्तर?"

मास्तरांची नजर झाकणावरच्या हातावर होती. आठ-दहा दिवस ते जे शोधत होते, ते इतक्या जवळ येऊन उभे राहिल्यासारखे त्यांना वाटले. त्यांनी मान डोलावली.

चिमाने टोप खाली ठेवला. रघूने झाकण काढले, पान बाजूला सारले आणि बांबी भातात तळापर्यंत खुपसली. मिरचीच्या, तंबाखूच्या, सुक्या मासळीच्या पोत्यांत जाणारी तीच लोखंडी नळी. वाफेचा भपकारा आला. त्याने नळी बाहेर काढून तळहातावर आपटली. पांढरा मऊ भात पडला. तळचाही तसाच.

"शिजलेलाच आहे," रघू म्हणाला.

"मग आज एवढा कसा?" मास्तरांच्या तोंडून निघून गेले.

"श्येजारच्या खाटंवर एक म्हातारा हाय. त्येचं कोन येत नाय." चिमा टोपात पाहत होती. भाताच्या मधोमध एक भोक पडले होते आणि त्याच्या कडा तांबूस काळ्या झाल्या होत्या. "आनी कुटं घालायची हाय का नळी?"

रघू दुसरीकडे पाहू लागला. चिमाने केळीच्या पानाचा तुकडा फाडला, भोकाभोवतीचा भात त्या तुकड्याने काढून काढून झाडाखाली टाकला. बराच टाकला. उरलेला हलवून सारखा केला, झाकण लावले.

"जाव का आता?" तिने विचारले. रघूला नव्हे, मास्तरांना.

ती वाट पाहून निघून गेली. पुस्तक उघडेच राहिले होते. ते मिटायचेही त्यांच्या लक्षात आले नाही.

सभा त्याच आठवड्यात झाली. ठराव वाचून झाला, आणि आत्माराम मास्तर उभे राहिले तेव्हा अध्यक्षांनी चष्मा वर केला.

"शेवटचं कलम," मास्तर म्हणाले. "डोक्यावरच्या तांदळाचं. ते वेगळं मताला टाकता येईल का?"

अध्यक्षांनी रावजीशेटांकडे पाहिले. रावजीशेट मंद हसले.

"मास्तर, धड एका गावाला नि मुंडकं दुसऱ्या गावाला, असं कसं चालेल? घ्यायचा तर सबंध घ्या, नाहीतर राहू द्या."

म्हणजे शेपटामागे जनावर होतेच. मास्तरांचा संशय खरा ठरला होता, आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता. ते खाली बसले. मते घेतली गेली. हात वर झाले. अध्यक्षांनी बोटाने मोजले, आणखी एक मिळाले तर ठराव पास होत होता. मास्तरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. त्यातला उजवा त्यांनी वर केला. अध्यक्षांनी नोंद करीपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

रावजीशेटांनी भर सभेत त्यांना वाकून नमस्कार केला. मागच्या खुर्चीवरून कोणीतरी हलकेच म्हणाले, "आता वाचनालयाला माडी चढायची दिसते."

मास्तर तिथून टपाल कचेरीत गेले. खिडकीमागे हरिश्चंद्र होता, त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याच्या नजरेखालून गेलेली गोष्ट दिवे लागायच्या आत बाजारात पोचते, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. मास्तरांनी एक कार्ड मागितले आणि तिथेच, फळीवर कोपर टेकून लिहिले:

'प्रिय काशीराम, रावजीशेटांच्या ठरावाला मी मत दिले. त्यात त्यांचा फायदा आहे, हे मला ठाऊक होते. लोक म्हणतात ते खोटे आहे, असे तुला कोणत्या तोंडाने लिहू? ज्याच्याशी भांडलास त्याच्याशी माझ्यासाठी समेट कर. आत्माराम.'

त्यांनी कार्ड खिडकीतून आत सरकवले. हरिश्चंद्राने पत्ता पाहिला, मग कार्ड उलटले. वाचता वाचता त्याचा हात थांबला.

"मास्तर," तो खाली पाहतच म्हणाला, "पाकीट देऊ का?"

"नको."

हरिश्चंद्राने कार्ड पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचले, आणि मग त्यावर शिक्का मारला.