मुठीखालचं नाव

दाणे ठोकणाऱ्याचं नाव कधी कुणी विचारलंय? जपानातल्या कानाझावात तरी नाही. तलवारीच्या त्सुबावर, म्हणजे मूठ आणि पात्याच्या मधल्या त्या चकतीवर, सारस कोरणारा तो कलावंत. आणि सारसामागे काळ्या धातूवर माशाच्या गाबोळीसारखे बारीक दाणे, एकाला एक खेटून, हजारोंनी उठवणारा? तो आपला ठोक्या! शिनरोकुने तीस वर्षं हेच केलं आणि डोळ्यांचं वाटोळं करून घेतलं.

शेवटचं काम हातावेगळं करताना त्याने देंझोला स्पष्टच सांगितलं. सारस कोरायचा तो देंझो.

"दादा, यापुढे मला दाणा दिसायचा नाही. या एकीवर तुझ्या नावाशेजारी माझंही कोर."

"वेडा आहेस का? ही काय मागायची गोष्ट आहे?" असं म्हणून देंझोने त्याच्यादेखत दोन्ही नावं कोरली. मधल्या भोकाच्या डावीकडे देंझो, उजवीकडे शिनरोकु. मग रंग चढवायला त्सुबा आपल्या घरी नेली. शिनरोकु त्या दिवशी बायकोसमोर चक्क रडला.

त्सुबा एका सरदाराच्या तलवारीवर चढली. नावं मुठीखाली झाकली गेली. ती सगळ्यांचीच जातात, त्याचं त्याला काही नव्हतं. आपलं नाव तिथं आहे, एवढं त्याला पुरेसं होतं.

दोन वर्षांनी मूठ बसवणाऱ्या म्हाताऱ्या मोकुबेने त्याला बोलावलं. तीच तलवार आली होती. त्सुबा ढिली झाली होती.

"भोकाच्या कडेला तांब्याचा तुकडा ठोकून दे बाबा. हे तर तू डोळे मिटूनही करशील."

शिनरोकुने सुटी केलेली त्सुबा हातात घेतली आणि आधी उजवीकडे अंगठा फिरवला. गुळगुळीत! पुन्हा फिरवला. डावीकडे देंझोचं नाव बोटाला चांगलं लागत होतं. त्याने ती मोकुबेपुढे धरली.

मोकुबेने खिडकीशी नेऊन पाहिली. "एकच नाव आहे रे. इकडे कानस मारलीय, वरून पुन्हा रंग दिलाय."

शिनरोकु त्सुबा घेऊन तसाच तरातरा देंझोकडे गेला. देंझो शेगडीवर हात शेकत बसला होता.

"ये, ये. चहा घे."

"चहा गेला खड्ड्यात! माझं नाव कुठाय?"

देंझोने त्सुबा पाहिली आणि मान खाली घातली. "एवढं काय घेऊन बसलास? मुठीखाली असतं ते. कोण बघणार होतं?"

"कुणीच बघणार नव्हतं, तर घासलंस कशाला?"

देंझो शेगडीतली राख उकरत राहिला. म्हणाला, "मला दिसत होतं. रंग चढवताना येईल तो म्हणायचा, सारस राहू दे, हे दाणे बघा! आणि शेजारी तुझं नाव. नाही सहन झालं मला."

हातातली त्सुबा त्याच्या टाळक्यात घालावी असं शिनरोकुला वाटलं. तीस वर्षं ज्याच्या सारसांसाठी डोळे जाळले, तोच मनातून जळत होता, आणि आपल्याला पत्ता नाही! पण तो ती घेऊन तसाच परतला. मोकुबेकडे येऊन त्याने तांब्याचा तुकडा ठोकला, त्सुबा घट्ट बसतेय का पाहिलं आणि पुढे सरकवली.

"काय म्हणाला?" मोकुबेने विचारलं.

"खरं बोलला," शिनरोकु म्हणाला. "काहीतरी थाप मारली असती तर बरं झालं असतं."