टाचेखालची उशी

वृद्धाश्रमात कामाला असलेल्या बायका त्यांच्यातल्या एका आयाबाईला पाठीमागे ‘निवांत’ म्हणायच्या, कारण तिचं सगळंच निवांत चालायचं. चादर घातली की एक कड लोंबत राहायची. अंघोळीचं पाणी काढून ठेवलं की खिडकीशी गप्पांत रमायची, आणि पाणी निवलं की पुन्हा तापवायला धावायची. “हिला हाक मारायची तर आदल्या दिवशीच मारून ठेवावी लागते,” असं स्वयंपाकीणबाई म्हणायच्या आणि सगळ्या खिदळायच्या.

ताईही हसायची. ताई म्हणजे तिथल्या वरच्या मजल्याची मुख्य परिचारिका. वयाने फार मोठी नव्हती, पण हाताखाली माणसं आली की आपोआप ताईपण येतं.

कोपऱ्यातल्या पलंगावर घड्याळवाले आजोबा होते. सगळी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेली, आता अर्धं अंग लुळं पडलेलं. अशा माणसाची टाच जपावी लागते. तिथे हाड अगदी कातडीला लागून असतं. पायाचा भार त्यावर राहिला की आतलं रक्त फिरायचं थांबतं आणि कातडी मरते. म्हणून उशी पोटरीखाली सरकवायची आणि टाच अधांतरी ठेवायची. निवांत मात्र उशी ठेवायची ती नेमकी टाचेखाली. मऊ उशी, नाजूक टाच. तिला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

ताईला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हाच सांगायचं होतं. पण त्याआधी एकदा चादरीवरून टोकलं, तर निवांतच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं. “मी शिकेन हो ताई,” म्हणाली होती. परत तेच कोण करणार? तिला समजावत बसायचं, तिचं तोंड उतरलेलं बघायचं. त्यापेक्षा ती पुढच्या खोलीत गेली की आपणच उशी वर सरकवलेली बरी. एक हात पुरायचा. पुढे पुढे तर ताईला याचं थोडं कौतुकही वाटायला लागलं. कोणाचं मन न दुखवता आपण सगळं निभावून नेतो, म्हणून.

मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ताई रजेवर गेली. परत आली ती थेट व्यवस्थापक मॅडमच्या खोलीत. निवांत आधीच भिंतीला टेकून उभी होती.

“आजोबांची मुलगी येऊन गेली,” मॅडम म्हणाल्या. “मोजा काढला तर टाच काळी पडलेली. हिला विचारलं, तर म्हणते रोज अशीच उशी ठेवते. तू हिला कधी सांगितलं नव्हतंस?”

‘नाही’ हा शब्द ताईच्या अगदी जिभेवर होता.

“सांगितलं होतं,” ती म्हणाली.

निवांत आता उसळेल, काहीतरी बोलेल, असं तिला वाटलं. तसं झालं तर बरंच, असंही वाटलं. पण निवांतने कपाळाला हात लावला. “असेल हो मॅडम. मीच विसरले असेन. माझं हे असंच आहे.”

मॅडमनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

ताई वर आली, पण हात कामाला लागेनात. थोड्या वेळाने निवांत पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

“ताई, रागावू नका. एकदा परत दाखवता का ते उशीचं? दुसरीकडे काम मिळालं तर तिथे असं नको व्हायला.”

आजोबांच्या शेजारचा पलंग रिकामा होता. निवांत त्यावर आडवी झाली. ताईने उशी तिच्या पोटरीखाली सरकवली आणि टाच अलगद वर राहिली.

“अगं बाई! एवढंच?”

ताई पलंगाच्या कडेवर बसली. “मी तुला सांगितलंच नव्हतं,” ती म्हणाली. “तू विसरली नाहीस. मी खोटं बोलले. रोज मागून येऊन मीच नीट करायचे.”

निवांत छताकडे बघत राहिली. “बघायचे मी तुम्हाला त्या पलंगापाशी,” ती सावकाश म्हणाली. “मला वाटायचं, ताईंचा आजोबांवर फार जीव आहे.”

पलीकडे आजोबा कण्हले. त्यांच्या टाचेला आता जाड पट्टी होती.

निवांत उठली. सवयीने तिने पलंगाची चादर सारखी केली आणि सवयीनेच एक कड लोंबत राहिली. ताईचा हात तिकडे गेला आणि वाटेतच थांबला.

“ती कड लोंबतेय बघ,” ताई म्हणाली. “नेहमीच लोंबते तुझी.”

निवांतचे डोळे भरून आले. नाक ओढत तिने वाकून कड गादीखाली खोचली, वेळ लावून, पण घट्ट.

“पिशवी राहू दे इथेच,” ताई म्हणाली. “आधी मॅडमकडे चल. मला बोलायचंय त्यांच्याशी, आणि ते तुझ्यासमोरच बोलायचंय.”

जिन्यात निवांत नेहमीसारखी मागे पडली. पुढे जाऊन काम उरकायची ताईला सवय होती. आज ती कठड्याला धरून थांबली.