खपली कुठं गहू हाय?

गुरम्माच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. लातूरच्या धान्य महोत्सवात शिरली ती थेट खपली विकणाऱ्या दयानंदच्या स्टॉलवर गेली आणि खपलीची अर्धी पिशवी तिनं त्याच्यापुढं आदळली.

तिची नात शिवकन्या वर्षभर पोटानं बेजार होती. खाल्लेलं अंगी लागेना, हातापायांच्या काड्या झालेल्या. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून गहू कायमचा बंद केला, आणि पोरगी ज्वारीच्या भाकरीवर बाळसं धरू लागली. पण गुरम्माच्या घरी गहू म्हणजे पोळीचा. खपली ही खपलीच, सणाला तिची गोड हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, शिजवायची. तरी खात्री असावी म्हणून तिनं मागच्या महिन्यात दयानंदला विचारलं होतं. तो छातीठोकपणे म्हणाला होता, "खपली कुठं गहू हाय, आज्जी? जुनं देशी वाण हाय. सगळा तरास नव्या गव्हाचा. लेकराला बिनधास्त द्या."

तिनं पोरीला वाट्या भरभरून हुग्गी चारली. पुन्हा जुलाब सुरू झाले, सलाईन लावायची पाळी आली. सून पुनमनं डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, गहू जुना असो की नवा, या पोरीला दोन्ही वर्ज्य.

"आज्जी, खपलीत ताकद हाय, फायबर हाय," दयानंद चाचरत म्हणाला.

"आसंल! माझ्या बापानं जलमभर पेरली, मला नको शिकवू. पर मी तुला लेकराचा आजार सांगितला व्हता का न्हाई?"

"हाव, पण..."

"मंग मला ठाऊक न्हाई म्हणायला तुझी जीभ झडत व्हती का रे? आता म्हण, खपली गहूच हाय. मोठ्यानं म्हण!"

भोवती गर्दी जमली होती. दयानंद खाली बघत म्हणाला, "गहूच हाय."

"मंग मगाशी मला शुगरवाल्यानं कितीबी खावी म्हणालास, ते बी असंच का?" एका बाईनं विचारलं. तो घाईघाईनं पिशव्या आवरू लागला.

बरी जिरवली मेल्याची, असं म्हणतच गुरम्मा घरी आली. तिनं चूल पेटवली, ज्वारीची भाकरी थापून भाजली, वर तुपाचा गोळा ठेवला आणि ताट शिवकन्येपुढं सरकवलं.

पोरीनं हात लावला नाही. ती आईकडं बघत राहिली. पुनम "खा" म्हणाली, तेव्हा कुठं तिनं तुकडा मोडला.