दिव्याखालची व्हर्ना कोस्की

मुलांनो, डोळे मिटू नका, उघडेच ठेवा. फक्त भोवतालचे दिवे मनातल्या मनात घालवून टाका. पायाखाली बर्फ आहे, पण दिसत नाही. कठडा कुठे आहे, तेही दिसत नाही. काळोखात हजारो माणसं बसली आहेत, कोणीतरी खोकतंय. आणि वर छतापाशी एकच झोत पेटतो, बर्फावरून सरकत तुम्हाला शोधत येतो. आता तुम्ही काय कराल?

आमच्या स्केटिंग रिंकच्या कपडे बदलायच्या खोलीत, बुटांच्या नाड्या आवळत बसलेल्या पोरांना व्हर्ना कोस्कीने हेच विचारलं होतं. वसंतातल्या वार्षिक कार्यक्रमाची ती दुपार होती.

"मी घाबरेन," नऊ वर्षांची एल्सी निएमी म्हणाली.

"मीही घाबरायचे. उलटी व्हायची मला. पुढे?"

"पुढे उडी मारीन. कोच, तुमच्या त्या स्पर्धांत दुहेरी उडीला किती गुण असायचे?"

"ठरलेलं काहीच नव्हतं गं."

"आणि कोलांटीला?"

"आवडली तर आवडली."

"मग जिंकायचं कसं?"

"परीक्षक म्हणजे आमच्यातलेच जुने खेळाडू. त्यांच्या अंगावर काटा आला की दहापैकी दहा."

"आणि नाही आला तर?"

"तर नऊ."

पोरं खिदळली. एल्सी नाही हसली. प्रत्येक गिरकीचे आणि उडीचे गुण तिला तोंडपाठ होते. "काट्याला गुण? हा काय नियम झाला?"

"बाई गं, तू मोठी होऊन लोकांच्या कराचे हिशेब करून देणार बघ," व्हर्ना म्हणाली आणि उठताना गुडघा धरून क्षणभर थांबली.

मी त्या रिंकवर अगदी छोट्यांना पहिली पावलं टाकायला शिकवतो आणि कार्यक्रमाला संगीत लावतो. व्हर्नाला मी ती एल्सीएवढी होती तेव्हापासून ओळखतो. लेक सुपिरियरच्या काठावरच्या आमच्या गावातून ती कधी ऑलिंपिकला गेली नाही. पण ऑलिंपिकवाले पुढे व्यावसायिक होऊन ज्या स्पर्धांत उतरत, त्या स्पर्धांत ती त्यांच्या शेजारी उभी राहिली. काय दिवस होते ते! हिवाळ्यात शनिवारी टीव्हीवर स्पर्धा असायची आणि सगळं गाव कोस्कींच्या बैठकीच्या खोलीत जमायचं. मांडीवर मांस-बटाटा भरलेल्या गरम पॅस्टीची बशी, खिडक्यांवर वाफ. तिथे शब्द असलेली गाणी चालत, टोपी-छत्री घेऊन नाचलेलं चालायचं, एरवी बंदी असलेली मागे मारलेली कोलांटीही चालायची. तिशी उलटलेली माणसं बर्फावर यायची आणि विशीतल्यांना जमणार नाही असं काहीतरी सांगून जायची. प्रत्येक उडीला व्हर्नाची आई तोंड फिरवून विचारायची, "उभी आहे का? उभी आहे का ती?" आम्ही ओरडायचो, "उभी आहे!" मगच ती वळून बघायची.

मग वाहिन्यांना ते नकोसं झालं. एकेक स्पर्धा बंद पडत गेली. व्हर्नाने शेवटच्या वर्षासाठी एक नवा नाच बसवला होता. पियानोचं संथ संगीत, निळा पोशाख, सगळं तयार होतं. आणि फोन आला की यंदा स्पर्धा नाही. तो नाच लोकांसमोर झालाच नाही. व्हर्ना गावी परतली आणि मुलांना शिकवू लागली.

येत्या सोमवारी तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया होती. त्यानंतर बर्फावर पाऊल नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे तो नाच करायचा तर आजच.

"डॉक्टरांना विचारलंस?" मी जिन्यावर तिला गाठून म्हटलं.

"विचारते कशाला, गॉर्डन? तिकीट दिलंय त्यांना. पहिल्या रांगेतलं."

"आणि पडलीस म्हणजे?"

"तर उचलायला जवळच असतील."

आमच्यात एक रीत आहे. बुटांखालच्या पात्यांना जमिनीवर इजा होऊ नये म्हणून त्यांच्यावर प्लास्टिकची म्यानं घातलेली असतात. बर्फावर उतरताना दाराशी कोच हात पुढे करून उभा राहतो, आपण म्यानं काढून त्याच्या हातात द्यायची आणि मगच पाऊल टाकायचं. व्हर्ना सबंध दुपार त्या दाराशी उभी होती. एकेक पोर यायचं, ती हात पुढे करायची. मध्यंतरापूर्वीच्या शेवटच्या मुलीला तिची म्यानं परत दिली, तोवर सभागृहातले दिवे मालवले गेले, तिचं नाव पुकारलं गेलं आणि मी संगीत सुरू केलं. दाराशी तिच्यासाठी हात पुढे करणारं कोणीच नव्हतं. व्हर्ना म्यानांसकट बर्फावर उतरली.

दोन्ही पाय एकदम पुढे गेले. ती बसली ती धप्पकन, आणि तेवढ्यात झोताने तिला गाठलं.

काळोखातून एल्सीचा आवाज खणखणीत आला, "पडल्याचा एक गुण गेला!"

व्हर्ना तशीच बसून राहिली. डॉक्टर जागेवरून अर्धे उठले होते. मग तिने एका पायाचं म्यान काढलं, दुसऱ्याचं काढलं आणि तळ्यातून मोठा मासा ओढून काढावा तशी ती दोन्ही उंच धरून लोकांना दाखवली. असा हशा उसळला म्हणून सांगू! म्यानं तिने दाराकडे सरकवून दिली, कठड्याला धरून उठली आणि वर माझ्या संगीताच्या खोलीकडे बघून बोट गोल फिरवलं. पहिल्यापासून.

मी पहिल्यापासून लावलं.

ती काय नाचली ते सांगायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत, पण प्रयत्न करतो. तिने एकही उडी मारली नाही. चांगल्या पायावर भार टाकला, दुखरा मागे लांबवला आणि पात्याच्या बाहेरच्या धारेवर झुकून ती एका वळणावर निघाली. इतकी सावकाश की दिवेवाल्या पोराचा झोत पुढे निघून गेला आणि तो मागे वळवून त्याला तिला पुन्हा शोधावं लागलं. ती झुकलेलीच होती. आता पडेल, आता पडेल असं वाटावं आणि ते वळण आणखी आत जावं. तिचे हात कोणाला काही दाखवत नव्हते. मघाशी हसलेली माणसं पुढे सरकून बसली होती. माझ्या खिडकीसमोरच्या रांगेतल्या बाईंनी स्वतःचा दंड चोळला.

संगीत संपलं. व्हर्नाने वाकून नमस्कार केला नाही, नुसती धापा टाकत उभी राहिली. पूर्वी मोठ्या शहरांत लोक बर्फावर फुलं फेकायचे. आमच्याकडे फुलं कुठली? कोणीतरी लोकरी टोपी फेकली. मग हातमोजे आले, मफलर आले, एक पिशवीही आली. व्हर्ना त्या ढिगाऱ्यातून वाट काढत दाराशी आली तेव्हा डॉक्टर स्वतः हात पुढे करून उभे होते.

"काही बोलू नका," ती म्हणाली.

"कुठे काय बोलतोय," ते म्हणाले, आणि त्यांनी नाक पुसलं.

मध्यंतर झालं. टोप्या ज्याच्या त्याने नेल्या. लोक कॉफीला गेले. व्हर्ना बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. घाई नव्हती, एकेक भोक सोडवत होती. बर्फ पुन्हा गुळगुळीत करणारं मोठं यंत्र घेऊन ड्वेन घरघरत आत आला आणि त्याने भोंगा वाजवला. बर्फावर एल्सी होती. खाली वाकून, अंग दुमडून काहीतरी शोधत होती.

"ए एल्सी, हो बाजूला! हे सगळं पुसायचंय मला."

"थांबा ना जरा!"

"काय हरवलं?"

"काही नाही."

मग तिला ते सापडलं. व्हर्नाच्या पात्याने कोरलेली, कुठेही न तुटलेली पांढरी रेघ. एल्सीने तिच्या सुरुवातीला आपलं पाऊल ठेवलं, हात पसरले, झुकली आणि निघाली. निम्म्यावर पाय रेघेबाहेर गेला. ती वळली, परत सुरुवातीला आली आणि पुन्हा पाऊल रेघेवर ठेवलं.

ड्वेनने इंजिन बंद केलं.