उरलेले चारशे बारा किलोमीटर

रविवारी संध्याकाळी गाडी परत आली की चंद्रकला किल्ली घेऊन खाली जायची. घरात सांगायची, कव्हर घालून येते. खरं तर बघायला जायची. सीट मागे सरकलेली असायची, कारण तिची धाकटी जाऊ तेजस्विनी तिच्यापेक्षा चार बोटं उंच. आरशात रस्त्याऐवजी वरच्या मजल्यावरच्या गॅलऱ्या दिसायच्या. आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली शेंगांची टरफलं.

ही टरफलंच तिला टोचायची. सासूबाई लंकाबाई तिच्याबरोबर गाडीत बसल्या की मागे बसायच्या. "पुढं बसलं की पोटात गोळा येतो माझ्या," म्हणायच्या. धाकट्या सुनेबरोबर मात्र पुढे बसायच्या, वर शेंगा खायच्या. गोळा कुठे जायचा कोण जाणे.

गाडी तशी चंद्रकलाच्या नावावर. सोमनाथने, तिच्या नवऱ्याने, पाच वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली आणि बायकोला ड्रायव्हिंग स्कूलला घातलं. शेचाळिसाव्या वर्षी लायसन्स हातात आलं तेव्हा तिने ते देवापुढे ठेवलं होतं. पण त्यानंतर तिची हद्द ठरून गेली. गंगापूर रोडवरची भाजी, बँक आणि सासूबाईंचा दवाखाना. हायवे नको, चढ नको, मोठं सर्कल तर नकोच. सोमनाथ दुकानात स्कूटरने जायचा. गाडी खाली कव्हर पांघरून झोपलेली. मग सातपूरहून तेजस्विनी यायची, "ताई, जरा गाडी नेऊ का?" म्हणायची आणि सासूबाईंना घालून कधी सोमेश्वर, कधी त्र्यंबक, कधी नुसतंच धरणावर वारा खायला.

गाडी फारशी फिरणार नाही म्हणून सोमनाथने विमाही तसाच घेतला होता, वर्षाला पाच हजार किलोमीटरचा. हप्ता कमी पडतो. एजंटने घरी येऊन समजावलं होतं की जानेवारीपर्यंत मीटर तेवीस हजार दोनशे चाळीसच्या पुढे गेला आणि त्यानंतर गाडी कुठे ठोकली, तर आपल्या गाडीची दुरुस्ती आपल्या खिशातून.

"आणि घरातलं दुसरं कोणी चालवत असेल तर?" सोमनाथने विचारलं होतं.

"कोणीही चालवा साहेब. कंपनी माणूस बघत नाही, मीटर बघते."

चंद्रकला मात्र तेव्हापासून माणूसही बघत होती आणि मीटरही. तिच्या हिशेबाने वर्षातल्या चार किलोमीटरमधले तीन तेजस्विनीचे होते.

हेही तिने गिळलं असतं. पण दिवाळीच्या फराळाला सगळे जमले असताना लंकाबाईंनी चकली मोडत जाहीर केलं, "यंदा बी तेजूच नेईल मला घोटीला. कशी गाडी हाकती! पोटातलं पाणी हालत नाय."

घोटीजवळ लंकाबाईंचं माहेर. भात झोडून झालं की त्या भावाकडे, गेणूमामांकडे जाणार आणि नव्या तांदळाचं पोतं घेऊन येणार, हा या घरचा नेम. बाजारचा तांदूळ त्यांच्या घशाखाली उतरत नाही. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी त्यांच्याबरोबर चंद्रकलाच जायची. एसटीने. पोतं गाडीत चढवायचं, कंडक्टरशी भांडायचं, पायाशी पोतं आणि खांद्यावर पेंगणारी सासू असं नाशिकपर्यंत यायचं, स्टँडवर रिक्षावाल्याशी पुन्हा भांडायचं. गेल्या वर्षी ती तापाने पडली आणि तेजस्विनी गाडीने घेऊन गेली. सकाळी गेल्या, दुपारच्या चहाला परत. पोतं डिकीत. एका दिवसात सव्वीस वर्षांची एसटी पुसली गेली.

"जाऊ दे ना," सोमनाथ रात्री म्हणाला. "तुला तेवढाच आराम."

आराम! तिने उशी अशी आपटली की कापूस बोलला असता.

या घरात कोणी कोणाला गाडी द्यायची नाही, असं तोंडावर म्हणायची सोय नव्हती. मोठी जाऊ म्हणून तर मुळीच नव्हती. पण दुसऱ्या दिवशी कव्हर घालता घालता तिची नजर मीटरवर गेली. बावीस हजार आठशे अठ्ठावीस. वजाबाकी तिने तिथेच उभ्या उभ्या केली. चारशे बारा उरले होते. घोटीचा रविवार तीन आठवड्यांवर. हे चारशे बारा त्याआधी संपले, तर नाही म्हणायला तिची गरजच नव्हती. कंपनीच म्हणाली असती.

दुपारी जेवणं झाली, लंकाबाई आडव्या झाल्या, की चंद्रकला चप्पल हातात घेऊन जिना उतरायला लागली.

पहिल्या दिवशी सोमेश्वरपर्यंत जाऊन आली. दहा किलोमीटर. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता. महिन्याचं गोडं तेल वीस दिवसांत संपतं, पण किलोमीटर मेले संपता संपेनात. मग ती धरणापर्यंत गेली. मग त्र्यंबक रोडला लागली, ट्रकच्या मागे मागे, वीसच्या वेगाने, मागचे सगळे हॉर्न आपल्यासाठीच आहेत हे ठाऊक असून. पाचव्या दिवशी तिने असा एक ट्रक ओलांडला. ओलांडल्यावर तिला कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण सांगणार कुणाला? ती काही फिरायला आली नव्हती. किलोमीटर संपवायला आली होती.

एका दुपारी सातपूरला शिरली आणि नेमकी पाळी सुटली. कंपन्यांच्या गेटांमधून मोटारसायकली मुंग्यांसारख्या बाहेर पडल्या. सर्कलला उजवीकडून बस, डावीकडून टेम्पो, मध्ये ही.

"ओ काकू, घ्या की पुढं! मुहूर्त काढताय का?"

"घेते रे बाबा, तुझी बस काही सुटत नाही," ती काचेतूनच पुटपुटली, पहिला गिअर टाकला आणि बसच्या नाकासमोरून गाडी काढली. सर्कल पार झाल्यावर शेजारून कुणीतरी काचेवर टकटक केलं. हेल्मेट वर केलं तर शेखर, तिचा दीर. तेजस्विनीचा नवरा.

"वहिनी? तुम्ही? इथं?"

"जिरं घ्यायला आले होते."

"गंगापूर रोडहून सातपूरला? जिरं?"

"इकडं चांगलं मिळतं," असं म्हणून ती निघूनच गेली.

त्यानंतरच्या दोन्ही रविवारी तेजस्विनी गाडी मागायला आली नाही. पहिला रविवार माहेरी असेल, दुसरा कशात गेला कोण जाणे. चंद्रकलाला त्याचंही वाईट वाटलं, कारण तेजस्विनीच्या हातून तेवढेच किलोमीटर संपले असते.

घोटीच्या आदल्या दिवशी मीटर तेवीस हजार दोनशे छत्तीसवर आणून तिने गाडी लावली. चार ठेवले. बुडाशी थोडं राहू द्यावं, अशी तिला सवयच होती.

रविवारी आठ वाजता शेखर आणि तेजस्विनी आले. लंकाबाई हिरवं नऊवारी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चंद्रकलाने चहा ओतता ओतता, अगदी सहज, सांगितलं.

"गाडीचे किलोमीटर संपलेत बरं का. आता नेली आणि कुठे लागली, तर विमा नाही. माझं काही नाही, कंपनीचा नियम आहे."

"वाढवले की मी," पेपरातून डोकं वर न काढता सोमनाथ म्हणाला. "मंगळवारी पेट्रोल भरताना मीटर बघितला. फोनवरूनच होतं ते. हजार वाढवून घेतले."

चहा कपात कमी आणि बशीत जास्त पडला.

"पण मला सांग," सोमनाथने आता पेपर खाली ठेवला, "दिवाळीपासून तेजूने गाडी नेलेली नाही. मग चारशे गेले कुठे?"

"जिऱ्यात," शेखर म्हणाला आणि एकटाच हसला.

तेजस्विनी हसली नाही. "ताई, पाळी सुटायच्या वेळेला त्या सर्कलला गाडी घातलीत तुम्ही? मी अजून घालत नाही. मी आधी बघते, किती वाजलेत. ह्यांनी घरी येऊन तीनदा सांगितलं, वहिनींनी बससमोरून अशी काढली, अश्शी काढली. माझी त्या दिवशी पोळी करपली. मग मी कशाला येऊ गाडी मागायला?"

तेवढ्यात लंकाबाईंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"मी दुपारची झोपत नाय."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"नुसती पडलेली असते. ही गेली की गॅलरीत येते. रोज गाडी काढती, रोज जाती. वीस दिस मी वरून बघते हाय, आज म्हणंल, उद्या म्हणंल, चला आत्याबाई. एकदा तरी म्हणाली का? मला गाडीत घालती ती दवाखान्यालाच. तेजू निदान शेंगा तरी खाऊ घालती."

चंद्रकलाकडे नियम होता, मीटर होता, एजंटचं वाक्य होतं. तिच्या तोंडून मात्र निघालं ते एवढंच, "तुम्हालाच पुढे बसलं की गोळा येतो."

"तुझ्या पुटपुटण्यानं येतो! गाडी हाकताना सारखी कुणाला बोलत असती, भिऊन. आता भेती का?"

"नाही."

"मग उठ. तांदूळ काय चालत येणार हाय का?"

किल्ली चंद्रकलाच्या मुठीतच होती. तेजस्विनीने हात पुढे केला होता की काय, ते तिने बघायचं टाळलं.

विल्होळी मागे पडली. हायवेवर गाडी सत्तरने चालली होती आणि लंकाबाई पुढच्या सीटवर बसून शेंगा सोलत होत्या, दर दोन मिनिटांनी शिकवत होत्या. "तेजू इथं हार्न वाजवती. तेजू ट्रकच्या इतकं जवळ जात नाय. तेजू..."

"ती मागेच बसलीय, आत्याबाई. तिला विचारा."

चंद्रकलाने आरशात पाहिलं. आज आरसा तिच्या डोळ्यांना लावलेला होता, त्यात सगळं नीट दिसत होतं. तेजस्विनी खिडकीला टेकून बसली होती, पण बाहेर बघत नव्हती. ती बघत होती गिअरवरच्या हाताकडे आणि पुढच्या सीटवर साठत चाललेल्या टरफलांकडे. ओठ घट्ट, नाकपुड्या जराशा फुगलेल्या. हे तोंड चंद्रकलाच्या चांगल्या ओळखीचं होतं. गेली दोन वर्षं दर रविवारी संध्याकाळी ते तिने पार्किंगमध्ये स्वतःवर वागवलं होतं.

तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, वाडीवऱ्हे येईपर्यंत चांगलंच बरं वाटलं. पुढे मात्र ते टिकेना. आरशात बघायचं नाही असं ठरवून तिने दोनदा पाहिलं.

"तेजू," ती म्हणाली, "येताना तू चालव."

तेजस्विनीने नजर खिडकीबाहेर वळवली. मग, "नको ताई, तुम्ही मस्त चालवताय."

"मस्त चालवते ते मला माहितीय. तू चालव. घोटीपासून वाडीवऱ्ह्यापर्यंत."

"आणि तिथनं?" लंकाबाईंनी शेंग दातात धरून विचारलं.

"तिथून मी. आणि सीट मागे घेतलीस ना, तेजू, तर उतरताना परत पुढे सरकव. आता रोज दुपारी मला आणि आत्याबाईंना फिरायला गाडी लागणार आहे."