घासायचं नाही

ऐका ना, मधे बोलू नका, नाहीतर विसरेन मी. ताईचं आतडं सुजून सुजून शेवटी कापावं लागलं, पोटावर पिशवी लावली, हे तुम्हाला माहितीय. तेव्हा ती हसत होती हं! म्हणायची, "आता संडास माझ्याबरोबरच फिरतो." पण मग पिशवीच्या शेजारी एक फोड आला, एवढासा. तो फुटला, जखम झाली, कडा जांभळ्या, आणि पांघरूण घासलं तरी ओरडायची. जखम ओली, म्हणून पिशवी चिकटेना. पिशवी गळली की सगळं जखमेवर, परत आग आग. चादरी बदलून बदलून आम्ही नुसते मेलो होतो.

आणि आमची आई! अख्खं आयुष्य लाँड्रीत गेलंय तिचं. डाग दिसला की हात थांबतच नाहीत. रोज सकाळी कोमट पाणी, साबण, कापूस, जखमेवरचा पिवळा थर निघेपर्यंत. ताई उशी दातात धरायची.

"घाण राहिली की चिघळतं बाळा, थोडं सोस."

सर्जननी एकदा कडा खरवडल्या होत्या, त्यामुळे आईला वाटायचं आपलं बरोबरच चाललंय. आणि जखम? नाण्याएवढी होती ती तळहाताएवढी झाली.

मग सर्जन म्हणाले, पिशवीची जागाच बदलू, परत ऑपरेशन. ताईनं भिंतीकडे तोंड केलं. "मी आता टेबलावर चढणार नाही. काय व्हायचं ते होऊ दे." रागानं नाही, नुसतं दमून. तेच जास्त भयंकर होतं.

तेव्हा सर्जनच म्हणाले, त्याआधी एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवू. त्या बाईंनी जखम नुसती बघितली, बोट लावलं नाही. विचारलं, "घासता का?"

आई म्हणाली, "रोज! एक कण ठेवत नाही."

"मावशी, हे जंतूंमुळे नाहीये. आतडं ज्यानं सुजलं, तेच इथे कातडी खातंय, तिचं स्वतःचंच शरीर. जेवढं घासाल तेवढं पसरेल. आत्ता कापायचंही नाही, मी बोलते सर्जनशी." गोळ्या दिल्या, मलम दिलं. "मिठाच्या पाण्याची नुसती धार सोडायची. बास."

गाडीत आई एवढंच म्हणाली, "म्हणजे मीच."

ताई डोळे मिटूनच बोलली, "आई, आत्ता रडू नकोस. मला समजूत काढायचं त्राण नाही. नंतर रडू."

तेव्हापासून धार मी सोडतो. आई शेजारी बसते, हात मांड्यांखाली दाबून.

"अरे, तो कोपरा बघ, तेवढाच..."

"आई!"

"बरं बाबा, बरं."

मग स्वयंपाकघरात जाऊन तोच तवा घासत बसते. झिजला तो तवा, खरंच!

आठवडे गेले. आधी दुखणं उतरलं, मग जांभळं फिकं झालं. भरली नाहीये अजून, पण कडा सुकल्यात. सर्जन म्हणाले, सध्या ऑपरेशन नको.

आणि आज सकाळी, ऐका, आई सवयीनं ताईच्या अंगाखालची चादर ओढायला लागली.

ताई झोपेतच पुटपुटली, "राहू दे गं. कोरडी आहे."

आईनं हात फिरवून बघितला. खरंच कोरडी! रात्रभर पिशवी टिकली होती. मग तिनं चादर पुन्हा नीट खोचली आणि तिथेच जमिनीवर, पलंगाला टेकून, बसल्या बसल्या झोपली.

मी तवा लपवून आलोय.