शांत खोलीची तारीफ

"हात काढा बघू, आई. चादर चुरगळेल."

गजबाईने हात काढला नाही. नुकत्याच अंथरलेल्या चादरीचा काठ बोटांत धरून ती हलकेच चोळत राहिली. कापडाची खळ अजून उतरली नव्हती. दुकानातल्या घडीच्या रेघा चौकोन चौकोन उठून दिसत होत्या.

"नवीकोरी दिसतेय," ती म्हणाली.

"तुमच्यासाठीच आणली, आई. आज तपासणी ना! आता सांगा, त्या बाईंनी विचारलं, इथं कसं वाटतं, तर काय म्हणायचं?"

"छान म्हणायचं."

"शाब्बास. आणि मागच्या खोलीचं?"

"अगबाई! मागे खोली आहे?" गजबाईने डोळे मोठे केले.

साखऱ्या खूश होऊन टाळी वाजवत पुढच्या पलंगाकडे गेला.

हा साखऱ्या म्हणजे त्या म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहाचा व्यवस्थापक. जिभेवर साखरेचं पोतं उपडं झालेलं, म्हणून हे नाव. प्रत्येकीला तो आई म्हणायचा, आणि त्याने आई म्हटलं की म्हातारी आधी आपलं पांघरूण जागेवर आहे का ते चाचपायची.

गजबाईचं म्हणाल, तर तिचा उभा जन्म कापडाच्या दुकानात गेला, हातात कापड मोजायचा लोखंडी गज आणि तोंडात गिऱ्हाइकाची तारीफ. तिची जीभ अशी, की तिने एकदा रेशीम म्हणून गोणपाट विकलं, आणि गिऱ्हाईक महिन्याभराने परत आलं ते भांडायला नव्हे, त्याच रंगात आणखी आहे का विचारायला. खरंखोटं तिचं तिला माहीत. पण दुकानाच्या मालकाने भर गर्दीत तिला "ए म्हातारे" म्हटलं, त्यानंतरची गोष्ट मात्र खरी. ती रडली नाही, भांडली नाही. उंदरांनी कुरतडलेलं ठाण पुढ्यात ओढून तिने त्याची अशी काही स्तुती मांडली, की समोरच्या बाईंना राहवेना. त्यांनी ठाण उलटं केलं. मग दुसरं उलटं केलं, तेही कुरतडलेलं. संध्याकाळपर्यंत सारा बाजार त्या मालकाच्या तोंडावर हसत होता.

तेव्हापासून गजबाईचं एक तत्त्व होतं. ज्याला बुडवायचं त्याची निंदा करू नये. निंदा केली की चार माणसं त्याची बाजू घेतात. त्याची तारीफ करावी, त्याला घाम फुटेपर्यंत करावी. फार वाखाणलेला माल गिऱ्हाईक उलटून बघतंच.

मास्तरीणबाईला हे कधी कळलं नाही. ती गजबाईच्या शेजारच्या पलंगावरची. आयुष्यभर मुलांना शिकवलं, निवृत्त झाल्यावर उरलेल्या जगाला. सिस्टरला "आधी हात धुवा", डॉक्टरला "नीट उभे राहा". मागच्या तपासणीला तिने आलेल्या गृहस्थांना सरळ सांगितलं, "चादर ओली असते, पाणी गार असतं, हाक मारली तर कुणी येत नाही. लिहून घ्या." त्या गृहस्थांनी मान हलवली, "वय झालं की होतं असं" म्हणाले आणि साखऱ्याबरोबर जेवायला गेले. त्याच संध्याकाळी मास्तरीणबाईचा पलंग रिकामा झाला.

"त्यांना विश्रांती हवी होती, आई," साखऱ्या म्हणाला. "मागच्या शांत खोलीत ठेवलंय."

मागची खोली भिंतीपलीकडेच होती. दुपारी सगळं निजलं की गजबाई भिंतीला कान लावायची. पलीकडून पाढे ऐकू यायचे. मास्तरीणबाई डोकं जागेवर राहावं म्हणून पाढे म्हणायची, ती जुनी सवय. आधी ते पार तिसापर्यंत जायचे. मग बारावर थांबू लागले, मग सातावर. काल भिंतीतून काहीच आलं नव्हतं.

म्हणून आज गजबाईने केस नीट विंचरले होते.

तपासणीच्या बाई आल्या त्या दमलेल्याच. गुडघ्यांना हात लावत चालत होत्या, आणि चालता चालता कागदावर खुणा करत होत्या. "हवा, उजेड... बरा. आजी, इथं कसं वाटतं?"

"छान!" गजबाई म्हणाली.

साखऱ्याने मान डोलावली.

"अहो ताई, नुसतं छान म्हणजे कमीच झालं की! ही चादर बघा. हात लावून बघा. खळसुद्धा उतरलेली नाही. आमच्यासाठी धुतलेली चादर चालवूनच घेत नाहीत साहेब. आज घातली, तुम्ही गेलात की काढली. अशी हौस!"

बाईंनी कागदावरून डोळे न उचलता चादरीवर हात ठेवला. हात घडीच्या रेघेवर थबकला.

"आई गमतीदार आहेत," साखऱ्या हसला.

"आणि फळं! ती टोपली बघा. मागच्या तपासणीलाही हीच होती, हेच सफरचंद वर होतं. पण बिशाद आहे सुकेल! मी एकदा चावून बघितलं. दात हरले, सफरचंद जिंकलं."

बाईंनी सफरचंद उचललं. ते प्लास्टिकचं होतं, आणि त्याच्या गालावर पुढच्या दातांच्या खुणा होत्या. बाईंनी ते परत ठेवलं आणि पहिल्यांदाच गजबाईकडे नीट पाहिलं.

"अंघोळीचं काय, आजी?"

"राजेशाही! पाणी इतकं कढत, की भिऊन कुणी न्हाणीघरात जात नाही. साबण तर अजून वेष्टनातच आहे, बिचाऱ्याला ओलं व्हावं लागू नये म्हणून."

बाई न्हाणीघरात डोकावल्या. आतल्या कोरड्या, धुळकट फरशीवर त्यांच्या चपलांचे ठसे उमटले. बाहेर आल्या तेव्हा त्यांना गुडघ्यांची आठवण राहिली नव्हती. साखऱ्याच्या कपाळावर मात्र घाम आला होता.

"बाई, जेवण तयार आहे," तो म्हणाला. "पुढचं जेवता जेवता बघू. सगळं गरमागरम आहे."

बाईंनी घड्याळ पाहिलं. कागद मिटायला घेतला. मागच्या वेळीही सगळं इथेच बुडालं होतं. गजबाईने आवाज दुकानातलाच ठेवला.

"जेवा हो, जेवा. पण खरी चैन बघायची राहिली ना! शांत खोली. साहेबांची सगळ्यात आवडती. माझ्या मैत्रिणीला दिलीय. इतकी शांत, की कालपासून तिचा आवाजसुद्धा येत नाही."

साखऱ्या लगबगीने वाकला, गजबाईचं पांघरूण सारखं करायच्या निमित्ताने तिच्या कानाशी आला आणि हळूच म्हणाला, "तुम्हालाही आवडेल ना ती खोली, आई?"

गजबाईने दोन्ही हात जोडले.

"ऐकलंत का ताई!" ती इतक्या जोरात ओरडली, की पलीकडच्या रांगेतली जन्माची बहिरी म्हातारीही वळली. "साहेब मलाही ती खोली देतायत! आत्ता कानात म्हणाले! देव भलं करो यांचं! ताई, तुमच्यासमोरच दाखवा मला माझी खोली."

"दाखवा," तपासणीच्या बाई म्हणाल्या.

"चावी... चावी सापडत नाहीये, बाई. अडगळच आहे तिथं."

"अडगळ आहे, की पेशंट आहे?"

दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरने खिशातून चावी काढली, कुणाकडेही न बघता पुढे गेली आणि कुलूप उघडलं.

आत वास होता. उघड्या प्लास्टिकच्या गादीवर मास्तरीणबाई उताणी पडली होती. दोन्ही मनगटं पलंगाच्या कठड्याला चिंध्यांनी बांधलेली. ओठांना चिरा पडलेल्या. तपासणीच्या बाई उंबऱ्यातच थांबल्या.

मास्तरीणबाईने डोळे उघडले. आवाज कागद फाटावा तसा आला.

"दार वाजवून यावं."

तपासणीच्या बाई खरोखरच मागे सरल्या. उघड्या दारावर त्यांनी बोटाने टकटक केलं.

"येऊ का, बाई?"

"या."

गाठी गजबाईने सोडवल्या. सिस्टर कात्री घेऊन आली होती, पण गजबाईने तिला थांबवलं. "कापड कापू नकोस. मला हवंय." जुन्या पडद्याच्या पट्ट्या होत्या त्या. दर्जा हलका, पण वीण घट्ट. एक पट्टी तपासणीच्या बाईंनी पुरावा म्हणून पाकिटात घातली. दुसरी गजबाईच्या उशीखाली गेली.

पुढचं रीतीप्रमाणे झालं. फोन झाले, डॉक्टर आले, साखऱ्याच्या वरची माणसं आली आणि आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं असं एका सुरात म्हणाली. चौकशी बसली. साखऱ्याला आपलं सामान उचलून न्यायला सांगण्यात आलं. बाहेर जायची वाट म्हाताऱ्यांच्या पलंगांमधूनच होती. खोकं छातीशी धरून, मान खाली घालून तो चालला.

"साहेब, थांबा!" गजबाईने हाक मारली. "तुमचा माल राहिला."

तिने उशीखालून पट्टी काढली. दुकानात काढायची तशी झटकन घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"पिशवीत घालून देऊ, की असंच नेताय?"

साखऱ्याने हात पुढे करून घडी घेतली आणि खोक्यावर ठेवली. पलंगांच्या दोन्ही रांगांतून एकही "आई" हसली नाही. सगळ्या त्याच्याकडे फक्त बघत राहिल्या. ते बघणं त्याला फाटकापर्यंत पुरलं.

त्या दिवशी गजबाईने दोनदा वाढून घेतलं. "सूड पचायला हलका असतो," असं तिने सिस्टरला सांगितलं.

मास्तरीणबाई शेजारच्या पलंगावर परत आली. चादर आता धुतलेली होती, घडीच्या रेघा नसलेली. मनगटांवर मात्र दोन रेघा राहिल्या. दुपारी सगळं निजलं की गजबाई त्या रेघांना तेल लावायची. एकदा असंच तेल चोळताना मास्तरीणबाईने डोळे मिटून पाढा धरला.

"सात एके सात. सात दुणे चौदा. सात त्रिक एकवीस. सात चोक अठ्ठावीस. सात पाचा..." ती थांबली. कपाळाला आठी पडली. "चाळीस."

गजबाईचा हात मनगटावर थांबला. उभ्या जन्मात तिने सात सात वारांचे किती तुकडे मोजून दिले असतील!

मास्तरीणबाईने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. जगात कुणालाही तिने आजवर असं विचारलं नव्हतं.

"बरोबर ना गं?"

"अगदी बरोबर," गजबाई म्हणाली. "पुढे म्हण."